पोपटांची खोली

मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं, तेव्हा माझ्या दादाने घरात पोपट आणले. एक-दोन नव्हे, पहिल्याच खेपेला चाळीसेक, आणि तेही पोत्यात भरून. पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा ओल्या पिसांचा, आंबलेल्या विष्ठेचा आणि आणखी कशाचा तरी भपकारा आला. ते आणखी काय होतं, हे पोतं उलटं केल्यावर कळलं. तळाशी सहा-सात पिल्लं मरून पडली होती. वरच्यांनी तुडवून तुडवून त्यांच्या चपट्या पाट्या केल्या होत्या. मी तोंडाला ओढणी लावून अंगणात गेले आणि मोरीपाशी ओकले. मी नर्स होते. पू, रक्त, मळ सगळं रोज हाताळत होते. पण ते हॉस्पिटलात. हे माझ्या घरात होतं, जिथे वहिनी पोळ्या लाटायची त्या ओट्यापासून चार पावलांवर.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे आजोबा महूच्या छावणीत फौजी होते. पितळेची बटणं आणि बूट चमकवण्याची त्यांची शिस्त वडिलांकडे आली आणि वडील लवकर गेल्यावर दादाकडे. तो मिलमध्ये स्पिनिंग खात्यात लागला, त्याच पगारावर त्याने मला नर्सिंगला घातलं. तुकोगंजमधल्या एका नर्सिंग होममध्ये मला नोकरी लागली, त्या दिवशी त्याने माझा पांढरा युनिफॉर्म स्वतःच्या हाताने इस्त्री केला होता. असा माणूस. कामावरून आला की अंगावरची रुई झटकल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

मिल बंद झाली आणि तो माणूस सैल पडला. आधी काही महिने गेटवर जाऊन बसायचा, मग तेही बंद केलं. आणि मग त्याला सराफ्याच्या मागच्या गल्लीत एक तोतेवाला भेटला. तेल लावून चापून बसवलेले केस, बोटात तीन अंगठ्या, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. आमच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "भिया, शहर बदल रहा है. नई कॉलनियां बन रही हैं. जिसके घर में रंगीन टीवी आ गया, उसको अब बरामदे में तोता भी चाहिए. तुम बस तोते के बच्चे बड़े कर दो."

पिल्लं जंगलातून यायची. पोपट पकडायला आणि विकायला कायद्याने बंदी होती, हे दादाला माहीत होतं. म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला त्याने गोणपाट ठोकलं आणि पिंजरे एकावर एक रचले. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या डोक्यावर पडायची. ती वाळायची, तिची हिरवट राखाडी भुकटी व्हायची. सगळे पंख एकदम फडफडले की ती भुकटी उडायची आणि खोलीतून स्वयंपाकघरात यायची. पाण्याच्या माठावर, डाळीच्या डब्यावर, आमच्या गाद्यांवर तिचा थर बसायचा. वहिनी दिवसातून दोनदा कोरडा झाडू मारायची आणि प्रत्येक वेळी ते सगळं पुन्हा हवेत उठायचं. मी नर्स असून तिला कधी म्हटलं नाही की आधी पाणी शिंपड. मला त्या खोलीकडे बघायचंच नव्हतं.

एकदा बघितलं. दुपारची ड्युटी होती म्हणून सकाळी घरी होते. चहा द्यायला गेले तर दादा जमिनीवर बसलेला, मांडीवर उघडंबोडकं, अर्धवट पिसं फुटलेलं एक पिल्लू. भिजवलेले हरभरे तो तोंडात टाकून चावत होता. नीट लगदा झाल्यावर त्याने ओठांचा चंबू केला, जिभेने टक् टक् आवाज काढला आणि पिल्लाने आपली चोच सरळ त्याच्या ओठांत खुपसली. लगदा आणि लाळ दोघांच्या मधे तार धरून लोंबली. पिल्लाच्या नाकपुड्यांतून पातळ शेंबूड येत होता. तो दादाच्या मिशीला लागला. त्याने मनगटाने पुसला आणि दुसरं पिल्लू घेतलं.

"दादा, किळस नाही येत तुला?"

"कसली किळस? तू पेशंटची उलटी साफ करतेस ना?"

"ती ड्युटी आहे माझी."

"मग ही माझी समज." त्याने वर न बघता सांगितलं. "जे आपलं आपण खात नाहीत, ते मरून राहिले आहेत. असं भरवलं की जगतात."

मी चहा तिथेच ठेवला. त्या दिवसापासून मी घरात जेवणं बंद केलं. नर्सिंग होमच्या कँटीनमध्ये पोहे खायचे, घरी फक्त झोपायचे. एकदा मेट्रनबाई माझ्या जवळून जाताना थांबल्या, नाक उडवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हारे कपड़ों से ये कैसी बदबू आती है?" मी म्हटलं, बस्तीत नाली तुंबली आहे. त्या दिवशी घरी आल्यावर युनिफॉर्म तीनदा धुतला आणि वाळत घातला शेजारणीच्या गच्चीवर.

थंडी सुरू झाली तेव्हा दुसरी खेप आली आणि तिच्यातले पोपट पहिल्यापासूनच आजारी होते. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचे, डोळे चिकटलेले, खाली हिरवं पाणी गळायचं. दादा त्यांना सदऱ्याच्या आत छातीशी धरून ऊब द्यायचा. रोज दोन-तीन मरायचे. आणि मग एका सकाळी दादाच उठला नाही.

हुडहुडी भरून ताप. सगळं अंग ठणकत होतं, पण त्याची तक्रार एकच होती, डोकं. "डोकं फुटून राहिलं आहे. दार लाव, उजेड सहन होत नाही." खोकला म्हणावा तर नव्हताच. कधीतरी कोरडी ढास. बस्तीतल्या डॉक्टरांनी आधी फ्लू म्हटलं, मग टायफॉइड. खोकल्याचं सांगितलं तर म्हणाले, "स्पिनिंगवाले सब खांसते हैं, रुई खाई है जिंदगी भर." तेही खरंच होतं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, ताप हटेना. पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं, जुलाब लागले. सहाव्या दिवशी मी त्याला रिक्षात घालून आमच्याच नर्सिंग होममध्ये आणलं.

तिथे विदर्भातून आलेले एक तरुण डॉक्टर नुकतेच रुजू झाले होते. शांत, पुस्तकी मराठी बोलणारे. आमचं हिंदीमिश्रित मराठी ऐकून कधी कधी गोंधळायचे. त्यांनी दादाला बराच वेळ तपासलं. मी ताप घेतला, एकशे चार. नाडी मोजली, चौऱ्याऐंशी.

"सिस्टर, पुन्हा मोजा. पूर्ण मिनिट."

शहाऐंशी.

"एवढ्या तापात एकशे वीसच्या आसपास हवी होती," ते स्वतःशीच म्हणाले. "टायफॉइडमध्ये असं होतं, मान्य. पण हे बघा." त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराधोप झाला होता. "स्टेथोस्कोपला जेमतेम चार बुडबुडे ऐकू येतात आणि फिल्मवर एवढं मोठं. कफ नाही, पण डोकेदुखी भयंकर. प्लीहाही हाताला लागते." मग ते वळले आणि मला सरळ विचारलं, "घरी पक्षी आहेत का? पोपट, कबुतरं? किंवा हे कुठे पक्ष्यांमध्ये काम करतात?"

मेट्रनबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. आणखी दोन सिस्टर सलाइन लावत होत्या.

"नाही सर," मी म्हणाले. "पक्षी वगैरे काही नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. पोलिसांची भीती होती, ती सबब मी नंतर स्वतःला पुष्कळदा दिली. पण खरं कारण ते नव्हतं. दादाच्या ओठांतून लोंबणारी ती तार माझ्या डोळ्यांसमोर आली आणि वाटलं, हे या बायकांना कळता कामा नये. मी अशा घरातून येते हे कळता कामा नये. वहिनी बाहेर बाकावर बसली होती. तिला मी जाऊन बजावलं, "पोपटांचं कोणाला बोलू नकोस." ती बिचारी घाबरून हो म्हणाली. ती स्वतःही तेव्हा खोकत होती.

न्यूमोनियाची नेहमीची औषधं सुरू झाली. पेनिसिलिनच्या जातीची, शिरेतून. दोन दिवसांत तसूभर फरक नाही. आठव्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा दादाच्या छातीचा भाता चालला होता. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला छत्तीस श्वास. ओठ जांभळट, नखं निळी. रक्तदाब नव्वदवर आलेला. रात्रभरात लघवी जेमतेम वाटीभर. मला ओळखलं नाही त्याने. नजर छताकडे, आणि दोन्ही हातांची बोटं हवेत काहीतरी चिमटीत धरून पीळ देत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. तो तुटलेले धागे जोडत होता. बंद पडलेल्या मिलमध्ये कामावर होता तो.

डॉक्टर आले. ऑक्सिजन वाढवायला सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "ताप डोक्यात गेलाय. भ्रम, श्वासाचा वेग, घसरणारं प्रेशर, निळी नखं... हे सगळं एकत्र आलं की वेळ फार राहत नाही, सिस्टर. माझं काहीतरी चुकतंय. आपण काहीतरी सोडतोय."

मी पोपटांचं सांगितलं नाही. तेव्हाही नाही. दादाचे ओठ कोरडे पडून फुटले होते म्हणून मी ओल्या कापसाने ते टिपायला बोट पुढे केलं. त्याने मान वळवली. ओठांचा चंबू केला. जिभेने टक् टक् आवाज काढला. आणि तोंडातली चिकट, रक्ताळलेली लाळ जिभेने पुढे ढकलून माझ्या बोटावर ठेवली. माझ्या बोटाला त्याने पिल्लाची चोच समजलं होतं. मी हात इतक्या जोरात झटकला की ट्रे खाली पडला.

"हे काय करतायत ते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी एप्रनला बोट पुसत होते. पुसतच होते.

"सिस्टर, मी विचारतोय. हे काय आहे?"

"पोपटांना भरवतोय," मी म्हणाले. "घरी पोपट आहेत, सर. साठ-सत्तर असतील. बरेच मेले. तो चावून चावून तोंडाने भरवतो त्यांना."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"परवा मी विचारलं होतं."

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि वळले. "पोपटांपासून लागणारा न्यूमोनिया आहे हा, पेनिसिलिन त्यावर चालत नाही. डॉक्सीसायक्लिन. आत्ता. गिळता येणार नाही, नाकातून नळी टाका. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवायचा, पण रिपोर्टची वाट बघायची नाही. वाट बघितली तर रिपोर्ट येईल आणि पेशंट नसेल." मग दारातून परत येऊन विचारलं, "घरात आणखी कोणाला खोकला, ताप?"

बाकावरच्या वहिनीचा ताप निघाला एकशे एक. तिलाही त्याच दिवशी कॅप्सूल सुरू झाल्या. त्या कॅप्सूल कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळायच्या. आणि मी दोन दिवस खरं दडवून बसले होते.

पहिला पूर्ण दिवस काही कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाची बोटं थांबली. संध्याकाळी ताप शंभरवर आला. तिसऱ्या सकाळी त्याने डोळे उघडून विचारलं, "दाणापाणी केलं का?" मी समजले की वाचला. आणि खरं सांगते, त्याचं ते पहिलं वाक्य ऐकूनही मी खाटेपासून मागे सरले.

घर साफ करणं माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. कोरडा झाडू बिलकुल नाही, सगळी विष्ठा आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवायची, तोंडाला मास्क, हातात मोजे, मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत बांधून खोल पुरायचे. "आणि जिवंत आहेत ते कोणाच्या हाती लागू देऊ नका. मी संबंधित खात्याला कळवायची व्यवस्था करतो."

चार दिवस खोली बंद होती. दार उघडलं तर आत शांतता. बहुतेक मेले होते. काही पिंजऱ्याच्या जाळीत चोच अडकवून लटकत होते, काहींना मुंग्या लागल्या होत्या. जिवंत राहिलेल्यांनी मेलेल्यांचे डोळे टोचले होते. वीसेक उरले असतील. मी पंप घेऊन फवारणी सुरू करणार तेवढ्यात मागून आवाज आला, "दीदी, भिया की तबियत कैसी है अब?"

तोतेवाला. हातात टोपली.

"ये सब बीमार हैं," मी म्हणाले. "आदमी मर जाता है इनसे. मेरा भाई मरते मरते बचा है."

तो हसला. "तोते से कोई मरा है आज तक? निमोनिया हुआ होगा, ठंड है." आणि माझ्यासमोर बसून त्याने एकेक पोपट बाहेर काढला. खिशातला मळका रुमाल थुंकीने ओला करून त्यांचे चिकटलेले डोळे पुसले. शेपटीखालची हिरवी घाण त्याच रुमालाने खरवडली. आपल्या केसांवरून हात फिरवून ते तेल त्यांच्या पंखांना लावलं. दोन मिनिटांत पोपट चकचकीत. "देखो, एकदम ताजा माल," असं म्हणून त्याने ते टोपलीत भरले, वर कापड बांधलं.

मी अडवू शकले असते. दार माझ्या पाठीशी होतं, शेजारी हाकेच्या अंतरावर होते. पण मला फक्त एवढंच वाटत होतं की हे सगळं एकदाचं माझ्या घरातून जावं. कुठेही जावं. मी बाजूला सरले. त्याने टोपली उचलली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून "अपना ध्यान रखना, दीदी" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, किती जिवंत होते. "एकही नाही, सर. सगळे मेले." दुसऱ्यांदा खोटं बोलताना आवाजसुद्धा हलला नाही.

त्या रुमालाची मात्र मला रोज आठवण यायची. दर वेळी मला नव्या कॉलनीतला एखादा बरामदा दिसायचा, एखादी आजी पोपटाला ओठांतून शेंगदाणा देताना. आठवड्याने मी सुट्टी घेतली आणि दुपारी सराफ्याच्या मागच्या गल्लीत जाऊन त्याला शोधलं. एका पानवाल्याने सांगितलं, "वो तो गया. माल निकाल के भोपाल की तरफ निकल गया." मी तिथून सरळ डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद काढला, मी सांगेन ते लिहून घेतलं, खात्याला पाठवलं. पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. डॉक्टर माझ्याशी नंतरही नीट वागले, पण मी पेशंटबद्दल काही सांगितलं की ते स्वतः जाऊन एकदा खात्री करायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दादाला तीन आठवड्यांनी घरी सोडलं. रिक्षातून उतरून दारापर्यंत येईपर्यंत दोनदा थांबावं लागलं, इतका दम. बाहेरगावचा रिपोर्ट आला तेव्हा तो घरी येऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी ओळखलं होतं तेच त्यात निघालं. पुढच्या पावसाळ्यात त्याला पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचं बसून करायचं काम मिळालं. वहिनी पूर्ण बरी झाली.

पण घरी आला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. वहिनीने त्याला खाटेवर बसवलं, पण तो उठला, भिंत धरत धरत मागच्या खोलीपाशी गेला. खोली रिकामी होती. गोणपाट काढलेलं, खिडकी उघडी, फरशी फिनाईलने धुतलेली, भिंतींना मी दोनदा चुना मारला होता.

"सगळे मेले?" त्याने विचारलं.

"हो."

तो तिथेच उंबरठ्यावर बसला आणि रडायला लागला. वडील गेले तेव्हा रडला नव्हता, मिलच्या गेटला कुलूप लागलं तेव्हा रडला नव्हता. खोकत खोकत, नाक गळेपर्यंत रडला. "एक तर माझ्या हातावर बसायला लागला होता," म्हणाला. त्याच्या मिशीवर शेंबूड आला होता आणि ओठ थरथरत होते. मी नर्स, त्याची सख्खी बहीण, त्याच्या पैशांवर शिकलेली. मला त्याचं तोंड पुसायला हवं होतं.

मी जागची हलले नाही. वहिनी आली, पदराने त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं, ओठ पुसले आणि तोच पदर परत खोचून चहा ठेवायला गेली.